शासकीय आरोग्य-नोंदी आणि विद्यापीठीय संशोधन : कुडपणच्या निमित्ताने एक परीक्षण

सार्वजनिक आरोग्याविषयीची माहिती शासनाने विद्यापीठीय संशोधकांस द्यावी की नाही, या प्रश्नाची चर्चा बहुधा दोन टोकांनी होते. माहिती लोकांच्या पैशाने जमते, म्हणून ती खुली असावी, असे एक पक्ष म्हणतो. ती माणसाच्या शरीराविषयी असते, म्हणून ती बंद असावी, असे दुसरा म्हणतो. दोन्ही पक्षांत तथ्य आहे. परंतु कोणती माहिती, कोणत्या रूपात आणि कोणत्या कामासाठी, हे ठरविल्याशिवाय या वादाचा निकाल लागणे शक्य नाही. यासाठी एखादे लहान गाव डोळ्यांसमोर ठेवणे उपयोगाचे ठरते. रायगड जिल्ह्याच्या पोलादपूर तालुक्यातील कुडपण हे सह्याद्रीच्या कुशीतील गाव त्या दृष्टीने विचारात घेण्याजोगे आहे.

जन्म-मृत्यूची नोंद १९६९ च्या अधिनियमानुसार होते. या अधिनियमाचे तत्त्व असे की, घटना जेथे घडली तेथे तिची नोंद व्हावी. महाड-पोलादपूरच्या डोंगरी भागातील माणसे पिढ्यान्‌पिढ्या पोटासाठी मुंबईस जात आली आहेत. बाळंतीण तालुक्याच्या रुग्णालयात जाते, आजारी माणूस महाडला किंवा मुंबईला नेला जातो. साहजिकच अशा जन्माची अथवा मृत्यूची नोंद त्या त्या ठिकाणी होते. गावच्या नोंदवहीत एखाद्या वर्षी बालमृत्यूचा रकाना कोरा असला, तर बालमृत्यू झाला नाही, असा त्याचा अर्थ होऊ शकतो. तो अन्यत्र नोंदला गेला, किंवा मुळीच नोंदला गेला नाही, असाही होऊ शकतो. तिन्ही अर्थ कोऱ्या रकान्यात सारखेच दिसतात. वस्तुतः जन्माच्या नोंदपत्रात मातेचे राहण्याचे गाव विचारलेले असते. म्हणजे भेद करण्यास लागणारी माहिती शासनाजवळ असते, पण बेरजेच्या तक्त्यात ती लोपते.

हा भेद कसा करावा, याची रीत भारतातच तयार झालेली आहे. सी. चंद्रशेखरन आणि एडवर्ड्स डेमिंग यांनी १९४९ साली जन्म-मृत्यूच्या नोंदींचा पुरेपणा मोजण्याची एक पद्धत मांडली. तिचा आधार कलकत्त्याजवळील सिंगूर आरोग्य केंद्राच्या क्षेत्रात मिळालेली माहिती हा होता. निबंधकाची यादी आणि घरोघर फिरून केलेली स्वतंत्र यादी एकमेकींशी ताडून पाहावयाची, हे या पद्धतीचे सार होय. समजा, निबंधकाच्या यादीत ८ मृत्यू आहेत, पाहणीच्या यादीत ९ आहेत, आणि ६ दोहोंत समान आहेत. तर दोन्ही याद्या मिळून ११ मृत्यू दिसतात. परंतु ८ ला ९ ने गुणून ६ ने भागिले असता १२ येतात. म्हणजे एक मृत्यू दोन्ही याद्यांतून निसटला असावा. पुढे महानिबंधकांच्या कार्यालयाने उभारलेल्या नमुना नोंदणी पद्धतीत हेच तत्त्व शासनाने स्वतः स्वीकारले. स्थानिक गणकाची वर्षभराची नोंद आणि पर्यवेक्षकाची सहामाही पाहणी यांचा तेथे मेळ घातला जातो. एकट्या यादीवर विसंबू नये, हे शासनास मान्य आहे, असेच यावरून म्हणावे लागेल.

येथेच प्रश्नाचे मर्म आहे. ताडून पाहण्यास बेरीज पुरत नाही, नाव व ठिकाण लागते. निबंधकाने '८' एवढाच आकडा दिला, तर ते आठ कोण आणि पाहणीतील नवांपैकी कोणते सहा त्यांत आहेत, हे कळण्यास मार्ग नाही. लंडनमध्ये १८५४ साली जॉन स्नो याने महानिबंधकाच्या कार्यालयातून सोहो भागातील पटकीच्या मृत्यूंची यादी मागून घेतली. एका आठवड्यातील ८९ मृत्यूंपैकी ८३ शेवटच्या तीन दिवसांतील आहेत, हे तिच्यावरून त्यास दिसले. पुढे पत्त्यांच्या अनुरोधाने तो ब्रॉड स्ट्रीटच्या पंपापाशी पोचला. आठवड्याची नुसती बेरीज त्यास तेथवर नेऊ शकली नसती.

महाराष्ट्राचा अनुभवही हेच सांगतो. गडचिरोलीच्या 'सर्च' संस्थेच्या पुढाकाराने काही स्वयंसेवी संस्थांनी बालमृत्यूंची स्वतंत्र गणना केली आणि २००१ साली 'कोवळी पानगळ' हा अहवाल प्रसिद्ध केला. शासकीय नोंदींतून बालमृत्यूंचा फार मोठा भाग गळतो, असा त्याचा निष्कर्ष होता. त्यानंतर शासनाने डॉ. अभय बंग यांच्याच अध्यक्षतेखाली बालमृत्यू मूल्यांकन समिती नेमली. ज्यांनी नोंदीतील उणीव दाखविली त्यांसच परीक्षणास बसविले, ही गोष्ट शासनास भूषणावह होय. परंतु बाहेरच्या गणनेने वाद उभा राहिल्यावरच हे घडले, हेही विसरता कामा नये. माहितीच्या देवघेवीची नेहमीची वाट असती, तर एवढ्या श्रमांची व वादाची गरज पडली नसती.

अशी वाट आजच्या नियमांत आहे काय? केंद्र शासनाच्या २०१२ च्या माहिती-विनिमय धोरणाने खुला, नोंदणीकृत आणि निर्बंधित असे प्रवेशाचे तीन वर्ग कल्पिले. वर्गीकरण योग्य आहे. परंतु कोणती माहिती संवेदनशील, हे ठरविण्याचे काम ज्या त्या खात्याकडे दिल्यामुळे माहिती राखणाराच तिचा न्यायाधीश झाला. शिवाय ते धोरण केंद्राच्या खात्यांपुरते आहे, आणि गावची नोंदवही तर राज्याच्या यंत्रणेत असते. १९६९ च्या अधिनियमाच्या सतराव्या कलमानुसार मृत्यूचा दाखला कोणासही मिळतो, मात्र त्यात मृत्यूचे कारण देता येत नाही. शेजाऱ्याच्या कुतूहलापासून मृताच्या कुटुंबास वाचविणारी ही तरतूद उचितच आहे. परंतु कुतूहल आणि संशोधन यांत ती भेद करीत नाही. १ ऑक्टोबर २०२३ पासून अंमलात आलेल्या सुधारणेने जन्म-मृत्यूंचा राष्ट्रीय संग्रह निर्माण केला, आणि मतदार याद्या, आधार, शिधापत्रिका, पारपत्र, वाहन परवाना इत्यादींच्या अधिकाऱ्यांस तो उपलब्ध करून देण्याची सोय केली. या यादीत संशोधकाचा उल्लेख नाही. मनुष्य हयात आहे की नाही, हे शिधापत्रिकेच्या कचेरीस कळावे, पण तो कशाने गेला याचा अभ्यास करू इच्छिणाऱ्याची दखल नसावी, ही या रचनेतील विसंगती होय. याउलट २०२३ च्याच वैयक्तिक माहिती संरक्षण अधिनियमाने संशोधन व सांख्यिकी यांस सवलत दिली आहे. त्या माहितीवरून कोणा विशिष्ट व्यक्तीविषयी निर्णय घेऊ नये आणि विहित मानके पाळावीत, एवढीच तिची अट आहे. एका कायद्याने उघडलेले दार दुसऱ्याने पाहिलेलेच नाही.

आता दुसरा पक्ष. कुडपणसारख्या थोड्या घरांच्या गावात नाव गाळल्याने माणूस झाकला जात नाही. 'स्त्री, वय ३४, क्षयरोग, अमुक महिना' एवढे छापले की साऱ्या गावास ती कोण हे कळते, आणि मागे राहिलेल्या मुलीच्या सोयरिकीपर्यंत त्याचा उपद्रव पोचू शकतो. म्हणून नाव काढून माहिती सर्वांस खुली करावी, ही सूचना मोठ्या शहरास शोभली तरी डोंगरी गावास धोक्याची आहे. परंतु यावरून दार बंद ठेवावे, असे निष्पन्न होत नाही. जुळणीचे काम निबंधकाच्या यंत्रणेने स्वतःच्या देखरेखीखाली करावे. जुळणी झाल्यावर नावे काढून टाकावीत. संशोधकाने नैतिकता समितीची मान्यता घेऊन ठराविक कचेरीतच ती माहिती पाहावी. प्रकाशनात लहान संख्या एकट्या न देता अनेक गावांच्या व अनेक वर्षांच्या मिळून द्याव्यात. भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेच्या २०१७ च्या नैतिक मार्गदर्शक तत्त्वांशी असा मार्ग सुसंगतच ठरेल.

विद्यापीठांचा दोषही येथे नोंदविला पाहिजे. शासकीय आकडा मिळाला की तो सिद्ध सत्य मानून त्यावर समीकरणे रचावयाची, आणि प्रबंध ग्रंथालयात ठेवून मोकळे व्हावयाचे, ही रीत माहिती मागण्याचा अधिकार दुबळा करते. नोंदीत जी गळती आढळेल ती निबंधकास व ग्रामपंचायतीस लेखी कळविणे, ही माहिती मिळण्याची अटच असावयास हवी.

२२ जुलै २०२१ रोजी दरडी कोसळून महाड तालुक्यातील तळिये आणि पोलादपूर तालुक्यातील साखर सुतारवाडी, केवनाळे येथे जीवितहानी झाली. दरडीखालचे मृत्यू साऱ्या राज्याने मोजले. परंतु घर सोडावे लागलेल्या कुटुंबांतील वृद्ध, बाळंतिणी आणि तान्ही मुले यांचे पुढील वर्षांत काय झाले, या प्रश्नाचे उत्तर पोलादपूर, महाड आणि मुंबई येथील नोंदी एकत्र ताडून पाहिल्यावाचून मिळणारे नाही. त्या नोंदी वेगवेगळ्या कचेऱ्यांत आहेत. त्यांची जुळणी करण्याचा अधिकार कोणास आणि कोणत्या अटींवर, हे राज्य शासनाने नियमाने ठरविल्याशिवाय कुडपणच्या वहीतील कोरा रकाना वाचता येणार नाही.