‘बॉर्डर’ने मारलेली जिवंत माणसं

जे. पी. दत्तांचा ‘बॉर्डर’ १९९७ साली आला, आणि त्यातला सनी देओलचा आवाज आजही रील्समधून फिरतोय. त्याने साकारलेले मेजर कुलदीपसिंग चांदपुरी गर्जना करतात, रणगाड्यांना भिडतात, आणि भोवती त्यांची माणसं एकेक करून पडत जातात. अक्षय खन्नाचा लेफ्टनंट धरमवीर मरतो. सुनील शेट्टीचा भैरोसिंग मरतो. आपण रडतो.

खरे धरमवीर आणि खरे भैरोसिंग मात्र लोंगेवालातून जिवंत परतले. भैरोसिंग यांचं निधन झालं ते २०२२ साली.

सिनेमा म्हटला की थोडी मोकळीक आलीच. पण इथे या मोकळिकीने नेतृत्वाचा अर्थच बदलतो.

४ डिसेंबर १९७१ची रात्र. चांदपुरींकडे २३ पंजाबचे सुमारे १२० जवान, आणि समोरून येत होते ४०हून अधिक रणगाडे. ठाणं लढवायचं की माघार घ्यायची, हा निर्णय वरिष्ठांनी त्यांच्यावर सोडला. माघारीसाठी गाड्या नव्हत्या. पायी निघणं म्हणजे उघड्या वाळवंटात रणगाड्यांच्या पुढे धावणं. ठाणं उंचावर होतं. त्यांनी तिथेच थांबायचं ठरवलं.

खरी परीक्षा त्यानंतरची होती. रणगाडे अगदी जवळ येईपर्यंत मारा करायचा नाही. अंधारात तो घरघराट ऐकत, बोट चापावर ठेवून, शंभरेक माणसांनी गप्प राहायचं. काटेरी तार दिसल्यावर पुढे सुरुंग असतील या शंकेने पाकिस्तानी तुकडी अडखळली, तिचा मोलाचा वेळ गेला. काही रणगाडे वाळूत रुतले. उजाडताच जैसलमेरहून हंटर विमानं आली आणि लढाई फिरली. या ठाण्यावर भारताचे दोन जवान शहीद झाले. चांदपुरींना महावीर चक्र मिळालं.

हल्ल्याआधीची ती घुसमट दत्तांना छान पकडता आली आहे. गस्तीवरच्या धरमवीरला पलीकडच्या हालचालीची चाहूल लागते, तिथे सिनेमा श्वास रोखायला लावतो. जवानांची घरं, पत्रं, भीती यांनाही तो भरपूर वेळ देतो. मात्र गोळीबार सुरू झाला की त्याचा या शांततेवरचा विश्वास उडतो. मग शौर्य आवाजाच्या पट्टीत मोजलं जातं आणि त्यागाची खात्री मृत्यूशिवाय पटत नाही. सुट्टीवर जायला मिळणार म्हणून खुश झालेल्या मथुरादासला मेजर सगळ्यांसमोर झापतो; तो परत येतो आणि मरतो, तेव्हाच सिनेमा त्याला माफ करतो.

या हिशेबात जगून परतलेला सैनिक थोडा कमी शूर ठरतो. ज्या अधिकाऱ्याने गोळी कधी झाडायची नाही हे ओळखलं, त्याचं कसबही झाकलं जातं. त्या रात्रीनंतर शंभराहून जास्त माणसं घरी गेली, हा चांदपुरींचा सगळ्यात मोठा पराक्रम. ‘बॉर्डर’ने नेमका तोच कापला.