‘कैद्यांचा पेच’ आणि कबुलीजबाब

खेळ-सिद्धान्तातील सर्वांत प्रसिद्ध उदाहरण म्हणजे ‘कैद्यांचा पेच’. फ्लड व ड्रेशर यांनी १९५० साली योजलेल्या खेळास कैद्यांच्या कथेचे रूप त्याच वर्षी अल्बर्ट टकर या गणितज्ञाने दिले. कथेचा प्रचलित पाठ असा : दोन संशयित निरनिराळ्या कोठड्यांत आहेत. दोघेही गप्प राहिल्यास प्रत्येकी १ वर्ष शिक्षा. एकानेच सांगितल्यास तो सुटतो व दुसऱ्यास १० वर्षे. दोघांनीही सांगितल्यास प्रत्येकी ५ वर्षे. दुसरा काहीही करो, सांगण्यातच प्रत्येकाचा लाभ. म्हणून दोघेही सांगतात. हे कोष्टक पोलीस तपासास मार्गदर्शक ठरते, असे म्हटले जाते. हे म्हणणे कितपत ग्राह्य आहे, एवढेच येथे पाहावयाचे आहे.

पहिला प्रश्न असा की, शिक्षेचे आकडे ठरविणार कोण? पोलिसांपुढील कबुली आपल्याकडे सामान्यतः आरोपीविरुद्ध सिद्ध करता येत नाही. १८७२ च्या पुरावा कायद्याच्या २५ व्या कलमातील हा नियम १ जुलै २०२४ पासून भारतीय साक्ष्य अधिनियमाच्या २३ व्या कलमात आला आहे. माफी देणे हेही न्यायासनाचे काम. पुण्याच्या १९७६-७७ मधील जोशी-अभ्यंकर हत्याकांडात सुहास चांडक माफीचा साक्षीदार झाला व चौघे १९८३ साली फाशी गेले; परंतु अशी माफी तपास अधिकाऱ्याच्या वचनाने मिळत नसते.

या नियमास महाराष्ट्रात एक मोठा अपवाद आहे. १९९९ च्या ‘मकोका’ कायद्याच्या १८ व्या कलमानुसार पोलीस अधीक्षक वा त्याहून वरिष्ठ अधिकाऱ्याने विहित रीतीने नोंदविलेली कबुली सहआरोपीविरुद्धही ग्राह्य ठरू शकते. बीड जिल्ह्यातील मस्साजोगचे सरपंच संतोष देशमुख यांची ९ डिसेंबर २०२४ रोजी हत्या झाली. त्या प्रकरणी जानेवारी २०२५ मध्ये हा कायदा लागू करण्यात आला. कायदा बदलला की डावच बदलतो, हे यावरून ध्यानी यावे. कोष्टक मानवी स्वभावातून नव्हे, तर कलमांतून निर्माण होते.

दुसरा प्रश्न भाषेचा आहे. सिद्धान्ताच्या परिभाषेत सांगणारा कैदी साथीदाराचा द्रोह करतो. आपल्या न्यायालयीन मराठीत मात्र सांगणारा तो ‘माफीचा साक्षीदार’, आणि आधी सांगून पुढे न्यायालयात फिरणारा तो ‘फितूर’. द्रोहाचा शब्द नेमका उलट बाजूस पडला आहे. हा केवळ शब्दभेद नव्हे. कोष्टकात बोलणे ही एकच व अखेरची खेळी आहे. ‘फितूर’ हा शब्द मात्र पुढची खेळी गृहीत धरतो. जबाब आणि साक्ष यांमध्ये काळ जातो, आणि त्या काळात गाव, भाऊबंद, धाक व पैसा हे सारे खेळात उतरतात. कोष्टकात त्यांना घर नाही.

तिसरा आक्षेप सर्वांत गंभीर होय. संशयिताने गुन्हा केला की नाही, हे कोष्टक विचारीतच नाही. त्याच्या हिशेबाने निरपराध माणसालाही दुसऱ्यावर आळ घेऊन सुटणेच लाभाचे ठरते. म्हणजे हे यंत्र कबुली निर्माण करते, सत्य नव्हे. साथीदाराच्या साक्षीस अन्य पुराव्याची पुष्टी हवी हा न्यायालयांचा जुना दंडक आता साक्ष्य अधिनियमाच्या १३८ व्या कलमाच्या शब्दांतच आला आहे, तो याच धोक्यामुळे अर्थपूर्ण ठरतो.

सारांश, हा सिद्धान्त तपासाची युक्ती म्हणून दुबळा, परंतु तपासावरील टीका म्हणून मोलाचा आहे. माणसे का बोलतात हे तो दाखवितो. ती खरे बोलतात काय, हे पुराव्यानेच ठरवावे लागते.