अ‍ॅडी, हर्मी आणि पोटातले कावळे

चित्रकथा वाचण्याचं माझं वय उलटून गेलं, असं आमच्या घरात एकमतानं ठरलेलं आहे. तरीही परवा पुतण्यानं इंग्लंडहून ‘द डँडी’ या मुलांच्या साप्ताहिकातल्या जुन्या पानांचं जाडजूड पुस्तक आणलं, ते त्याच्या चिरंजीवांच्या आधी मीच बळकावलं.

आणि अडकलो तो सॅम फेअरपाशी. हे नाव तुम्ही ऐकलं नसेल. ओशाळू नका, मीही ऐकलं नव्हतं. डंडी गावच्या त्या प्रकाशकांकडे चित्रकारांनी सही करायची पद्धत नव्हती. डेव्हिड लोनं लंडनच्या दैनिकात हिटलर काढला, तो जगभर गाजला. फेअरनं तोच हिटलर पोरांसाठी काढला आणि स्वतः निनावी राहिला.

मालिकेचं नाव ‘अ‍ॅडी अँड हर्मी’. अ‍ॅडी म्हणजे हिटलर, हर्मी म्हणजे गोरिंग. अख्खा युरोप गिळायला निघालेली ही जोडी फेअरच्या चौकटींत करते काय? तर खायला शोधते! पोटात कावळे कोकलताहेत, घास तोंडाशी येतो आणि फजिती होते. समीक्षक म्हणून सांगायचं तर गोष्ट दर वेळी तीच. चार वाचल्या की पाचवीचा शेवट आपणच सांगावा.

पण ज्याच्यासाठी ती काढली, त्या पोराच्या जागी बसून बघा. ८ जानेवारी १९४० पासून ब्रिटनमध्ये लोणी, साखर, बेकन रेशनवर गेलं होतं. बागुलबुवा आपल्याहूनही उपाशी आहे, हे कळल्यावर त्या पोराला केवढा धीर आला असेल! रेशनच्या रांगेत पिशवी धरून उभं राहिलेल्या माझ्यासारख्याला हे समजावून सांगायला नको.

चॅप्लिननं ‘द ग्रेट डिक्टेटर’ काढला तोही १९४० मध्येच. छळछावण्यांतलं भीषण सत्य तेव्हा ठाऊक असतं तर तो चित्रपट आपल्या हातून झालाच नसता, असं त्यानं १९६४ च्या आत्मचरित्रात कबूल केलं. आज आपल्याला ते ठाऊक आहे. म्हणून ही चित्रं बघताना हसू ओठांपर्यंत येतं आणि तिथंच थबकतं. तरी मी फेअरला दोष देणार नाही. राक्षसाला मारणं त्याच्या हाती नव्हतं. पोरांची भीती वीतभर कमी करणं होतं, ते त्यानं केलं.

पुढं कागदाचाही दुष्काळ पडला. १९४१ पासून ‘डँडी’ आणि त्याचं भावंड ‘बीनो’ आठवड्याआड निघू लागले. ‘मुलांनो, रद्दी गोळा करा’ असं हीच साप्ताहिकं सांगत. आज्ञाधारक पोरांनी जुने अंकही देऊन टाकले! ज्यांच्यासाठी चित्रं काढली, त्यांनीच ती देशसेवा म्हणून रद्दीत घातली. जुने अंक आज दुर्मीळ आहेत ते त्यामुळेही.

हे सगळं मी हिला रंगवून सांगितलं. तिनं शांतपणे ऐकलं आणि विचारलं, “बरं, मग हे पुस्तक ठेवायचंय का? उद्या रद्दीवाला येणार आहे.”

ते आता माझ्या उशीखाली आहे.