पानामागचं पान

आज मला पीएचपी या भाषेबद्दल तक्रार करायची आहे. आयुष्य तत्त्वज्ञान शिकवण्यात गेलं, ही उठाठेव निवृत्तीनंतरची. तेव्हा तक्रार विद्यार्थ्याची आहे असंच समजा.

रास्मुस लेर्डॉर्फ यांनी १९९५ साली ही भाषा लोकांसमोर आणली. तिची सोय अशी, की एचटीएमएलच्या मधोमध हवं तिथे खिडकी उघडायची, आज्ञा लिहायची, खिडकी बंद करायची. माझ्या व्याख्यानांची यादी मी अशीच छापली. ब्राउझरमध्ये सुरेख दिसली. मग 'व्ह्यू सोर्स' उघडलं, तर चाळीस नोंदी एकाच ओळीत! दिवाळीच्या एसटीत माणसं कोंबावीत तशा.

मी तर प्रत्येक नोंदीनंतर एंटर मारलं होतं. ते गेलं कुठे? पीएचपीनं गिळलं. बंद करणाऱ्या खुणेला लागूनच नवी ओळ आली, तर ती खुणेचाच भाग धरली जाते, पानात उमटत नाही. याला कारण आहे, नाही असं नाही. फाइलच्या शेवटी राहिलेली रिकामी ओळ आधीच बाहेर पडली, तर पुढे हेडर पाठवताना घोटाळा होतो. पण एका टोकाची अडचण टाळण्यासाठी सगळ्या पानाची वीण बिघडवायची, हा न्याय मला पटत नाही.

यावर लोक काय करतात? 'एको'च्या प्रत्येक ओळीला टॅब आणि बॅकस्लॅश एन चिकटवतात. (तेही एकेरी अवतरणात लिहिलं, तर नवी ओळ येत नाही, ती अक्षरंच पानावर दिसतात!) पान नीट होतं, पण स्क्रिप्ट वाचवत नाही. हा उपाय मला मूळ दुखण्यापेक्षा वाईट वाटतो. सगळा हिशेब आधी उरकावा, आणि मग साच्यात एचटीएमएल एचटीएमएलसारखंच दिसू द्यावं.

आता तुम्ही म्हणाल, सर, ब्राउझरला मोकळ्या जागेचं काय? एक स्पेस काय नि दहा काय. अगदी बरोबर. अंध वाचकाच्या स्क्रीन रीडरलाही समास नको असतो, त्याला मथळा मथळा म्हणून सांगितलेला हवा असतो. म्हणजे नीटनेटकं आणि शुद्ध या दोन गोष्टी वेगळ्या. मग मी नीटनेटकेपणासाठी का भांडतोय?

ऐका. माझ्या स्क्रिप्टमध्ये एक अट होती: तारीख असेल तरच ती छाप. डिव्ह बंद करणारी खूण चुकून त्या अटीच्या आत राहिली. एका नोंदीला तारीख नव्हती, डिव्ह उघडाच राहिला, आणि पुढचा सगळा मजकूर त्याच्या पोटात गेला. ब्राउझर हूं की चूं करत नाही. आपल्या नियमांप्रमाणे डागडुजी करतो. इन्स्पेक्टर उघडलात तर तोही ही डागडुजी झालेली रचनाच दाखवतो, सर्व्हरनं खरं काय पाठवलं ते नाही. ते फक्त सोर्समध्ये दिसतं, आणि माझा सोर्स एका ओळीचा! दोन संध्याकाळी गेल्या. ओळी सुट्या केल्यावर चूक दोन मिनिटांत सापडली.

तेव्हापासून बंद खुणेनंतर मी एक स्पेस सोडू लागलो, म्हणजे पुढची ओळ गिळली जात नाही. तर माझा एडिटर फाइल जतन करताना ओळीच्या शेवटची स्पेस आपणहून काढून टाकतो! आता दोनदा एंटर मारतो.