परीक्षण : ‘समर्पित २ जीबी ग्राफिक्स’

जून महिना जवळ आला की आमच्याकडे येणाऱ्या विचारणांचा सूर बदलतो. एरवी ग्रहणाबद्दल किंवा प्रयोगवहीबद्दल विचारणारे शिक्षक लॅपटॉपबद्दल विचारू लागतात. बारावी होऊन पुढे जाणाऱ्या मुलांचे पालक त्यांना विचारतात आणि ते आम्हाला. सोबत दुकानातून आणलेले एक माहितीपत्रक असते. त्यावर प्रोसेसर, रॅम, डिस्क यांच्या ओळी असतात आणि ठळक अक्षरांत एक ओळ असते : ‘डेडिकेटेड २ जीबी ग्राफिक्स’. स्वस्त यंत्राच्या पत्रकात त्याच जागी बारीक अक्षरांत ‘इंटिग्रेटेड’ एवढेच असते.

पाठ्यपुस्तकांचे आणि विज्ञानविषयक पुस्तकांचे परीक्षण आपण नेहमी करतो. ज्या कागदाच्या भरवशावर पालक आणि शाळा हजारो रुपये खर्च करतात त्या कागदाचे परीक्षण मात्र कोणी करत नाही. निमित्त घडले ते आमच्या परिचयाच्या, तालुक्याच्या गावातील एका शाळेचे. २०२१ साली माजी विद्यार्थ्यांनी संगणक कक्षासाठी रक्कम जमवून दिली. शाळेपुढे दोन दरपत्रके आली. तेवढ्याच रकमेत डेडिकेटेड ग्राफिक्स असलेली आठ यंत्रे येत होती, नसलेली अकरा. शाळेने आठ घेतली. ‘पुढच्या पाच वर्षांचा विचार केला’ असे मुख्याध्यापकांनी आम्हाला सांगितले. तीन यंत्रे कमी म्हणजे एकेका यंत्रापुढे बसणारी मुले वाढली. हा निर्णय त्या एका ओळीने करवून घेतला होता.

आधी शब्दच पाहू. ‘डेडिकेटेड’चे भाषांतर काही पत्रकांत ‘समर्पित’ असे करतात. हा शब्द ऐकल्यावर देवापुढे वाहिलेले फूल डोळ्यांसमोर येते, चिप येत नाही. ‘इंटिग्रेटेड’चे ‘एकात्मिक’ होते आणि मग बालविकास योजना आठवते. अर्थ तसा साधा आहे. पडद्यावरील चित्र तयार करणारी चिप निराळी असेल आणि तिच्याजवळ तिची स्वतःची मेमरी असेल तर ग्राफिक्स स्वतंत्र. चित्राचे काम मुख्य प्रोसेसरच्याच चिपमधील एक भाग करत असेल आणि संगणकाच्या रॅममधूनच मेमरी घेत असेल तर ग्राफिक्स अंगभूत. म्हणजे हे दोन शब्द सांगतात ते चिप कोठे बसली आहे आणि मेमरी कोणाची आहे, एवढेच. ती किती काम करते याविषयी त्यांत अक्षरही नाही. पत्रक मात्र ते शब्द असे छापते की वाचणाऱ्याने ‘स्वतंत्र म्हणजे जोरदार, अंगभूत म्हणजे दुबळे’ असे वाचावे. खरे सांगायचे तर वर्गात आपणही बहुधा असेच शिकवतो.

ही समजूत पूर्वी अगदीच निराधार नव्हती. इंटेलने १९९९ साली ‘८१०’ हा चिपसंच आणला, तेव्हा ग्राफिक्सचा भाग मदरबोर्डवरच्या दुसऱ्या एका चिपमध्ये होता आणि त्याची ताकद बेताचीच होती. २०१०च्या जानेवारीत हा भाग प्रोसेसरच्याच वेष्टनात आला, तरी सिलिकॉनचे तुकडे दोन होते. २०११च्या जानेवारीत ‘सँडी ब्रिज’ प्रोसेसरांत तो त्याच सिलिकॉनच्या तुकड्यावर कोरला गेला. एएमडी कंपनीने २००६ साली एटीआय ही ग्राफिक्सची कंपनी विकत घेतली होती. तिचेही तशाच प्रकारचे प्रोसेसर २०११ सालीच आले. वस्तू इतकी बदलली, पण शब्द तोच राहिला आणि पहिल्या पिढीची बदनामी त्याला चिकटून राहिली.

आता ‘२ जीबी’कडे वळू. या आकड्याचा अर्थ लावण्यासाठी फळ्यावर करता येईल असा एक हिशेब आहे. सर्वसाधारण लॅपटॉपच्या पडद्यावर १९२० गुणिले १०८०, म्हणजे २०,७३,६०० बिंदू असतात. प्रत्येक बिंदूच्या रंगासाठी ४ बाइट धरले तर एका चित्राला सुमारे ८३ लाख बाइट लागतात. २ जीबी म्हणजे ढोबळमानाने २०० कोटी बाइट. त्यात अशी जवळजवळ अडीचशे चित्रे मावतील! पडद्याला एका वेळी एक चित्र लागते. चित्र सेकंदाला ६० वेळा नव्याने पाठवायचे असते, म्हणजे सेकंदाला सुमारे ५० कोटी बाइट. डीडीआर४ प्रकारची, ३२०० वेगाची रॅमची एक पट्टी सेकंदाला २,५६० कोटी बाइट देऊ शकते. म्हणजे पडदा उजळता ठेवण्याचे काम रॅमच्या या क्षमतेच्या दोन टक्क्यांतच होते. लेखन, तक्ते, नकाशे, इंटरनेट या सर्वांची गरज याहून फार मोठी नसते. चित्रफीत दाखवण्यासाठी अंगभूत ग्राफिक्समध्ये निराळे मंडल गेली बरीच वर्षे असते.

त्रिमितीय दृश्य काढायचे असेल तर गोष्ट वेगळी. तेथे प्रत्येक चित्रासाठी पृष्ठभागांची रंगरूपे पुन्हा पुन्हा वाचावी लागतात, खोलीचे हिशेब लिहावे आणि पुसावे लागतात. मेमरीतून होणारी ये-जा कित्येक पटींनी वाढते. पण तेथेही ‘मेमरी किती’ या प्रश्नाआधी ‘मेमरी किती वेगाने देते’ हा प्रश्न येतो. इमारतीच्या गच्चीवरची टाकी किती लिटरची हे बिल्डर अभिमानाने सांगतो. खाली येणारा पाइप किती इंची हे सांगत नाही, आणि सकाळी सात वाजता सगळ्यांच्या घरी एकदम नळ उघडले की त्या पाइपचीच परीक्षा होते. माहितीपत्रकाने टाकी छापली, पाइप छापला नाही. हा दृष्टांत फार ताणू नये. पाणी वापरले की संपते, मेमरीतील माहिती वाचल्याने संपत नाही. पण पाइपापुरता तो वर्गात उपयोगी पडेल.

पाइपाचे महत्त्व दाखवणारे एक उदाहरण आम्हाला फार आवडते. इंटेलच्या ११व्या पिढीतील काही प्रोसेसरांत ‘आयरिस एक्सई’ नावाचे अंगभूत ग्राफिक्स होते. हे प्रोसेसर २०२० साली आले. लॅपटॉपमध्ये रॅमची एकच पट्टी असेल तर त्याच चिपला संगणक ‘यूएचडी ग्राफिक्स’ असे साधे नाव दाखवी. शेजारच्या खाचेत दुसरी पट्टी बसवली की रॅमचा मार्ग दुपटीने रुंद होई, सेकंदाला २,५६०ऐवजी ५,१२० कोटी बाइट, आणि संगणकावर ‘आयरिस एक्सई’ हे नाव उमटे. चिप तीच, नाव बदलले! २०२३च्या अखेरीस आलेल्या ‘कोअर अल्ट्रा’ प्रोसेसरांच्या बाबतीतही इंटेलने ‘आर्क’ या नावासाठी दुहेरी मार्गाची किमान १६ जीबी रॅम ही अट ठेवली. ही अट कंपनी लपवत नाही, तळटीपेत देते. दुकानातील पत्रकापर्यंत तळटीप पोहोचत नाही.

आता समोरचा पक्ष. एनव्हिडिया कंपनीची ‘जीफोर्स एमएक्स १५०’ ही स्वतंत्र चिप २०१७ साली आली आणि पातळ लॅपटॉपांत मोठ्या प्रमाणावर वापरली गेली. तिच्या मेमरीचा वेग सेकंदाला सुमारे ४,८०० कोटी बाइट. वरच्या परिच्छेदातील दोन पट्ट्यांच्या साध्या रॅमचा वेग याहून किंचित जास्तच आहे. अर्थात रॅममध्ये प्रोसेसरचाही वाटा असतो आणि स्वतंत्र मेमरीत तो नसतो, हे स्वतंत्र चिपच्या बाजूने म्हटलेच पाहिजे. पण खरा घोटाळा पुढे आहे. २०१८च्या मार्चमध्ये परीक्षकांच्या लक्षात आले की याच नावाच्या दोन चिपा बाजारात आहेत. एक २५ वॅटची, सुमारे १,४७० मेगाहर्ट्झपासून चालणारी. दुसरी १० वॅटची, ९३७ मेगाहर्ट्झपासून चालणारी. पत्रकावर दोन्हींचे नाव एकच. इथे दोष पत्रक छापणाऱ्याचा नाही, नाव देणाऱ्याचा आहे.

महागड्या यंत्रांतही हेच चालते. ‘आरटीएक्स ४०९०’ या नावाच्या टेबलावरच्या संगणकासाठीच्या कार्डात १६,३८४ गणनघटक आहेत आणि त्याची विजेची मर्यादा ४५० वॅट आहे. लॅपटॉपसाठी २०२३ साली त्याच आकड्याने जी चिप आली तीत गणनघटक ९,७२८, आणि वीज ८० ते १५० वॅट, लॅपटॉप बनवणारा ठरवील तेवढी. नावापुढे ‘लॅपटॉप’ हा शब्द लागतो खरा, पण जाहिरातीत तो गळतो.

विजेचा हा मुद्दा विज्ञानशिक्षकांनी तरी सोडू नये, कारण पाठ्यपुस्तकातील ऊर्जा आणि शक्ती येथे उघडपणे भेटतात. विमानात परवानगीशिवाय नेता येणाऱ्या बॅटरीची मर्यादा १०० वॅट-तास असल्याने मोठ्यात मोठ्या लॅपटॉपांतही बॅटरी त्याच्या आतच ठेवतात. १५० वॅटची चिप पूर्ण जोराने चालवली तर इतर कशालाही वीज न देता ९९ वॅट-तास ४० मिनिटांत संपतील. म्हणून प्लग काढला की यंत्र स्वतःच चिपचा वेग उतरवते. स्वतंत्र ग्राफिक्ससाठी दिलेले पैसे बहुतांशी भिंतीजवळ बसूनच वसूल होतात. ज्या गावात दुपारी वीज जाते तेथे याचा अर्थ काय, ते शाळांना सांगायला नको. वापरलेला प्रत्येक वॅट शेवटी उष्णता होतो. ती बाहेर काढायला पंखा लागतो, आणि पंख्यात धूळ बसते.

आणखी एक गोष्ट पत्रक सांगत नाही. बहुतेक लॅपटॉपांत स्वतंत्र चिप अंगभूताच्या जागी नसते, तिच्या जोडीला असते. २०१० साली एनव्हिडियाने ‘ऑप्टिमस’ ही पद्धत आणली. तीत साधी कामे अंगभूत भाग करतो आणि स्वतंत्र चिप झोपलेली असते. जड काम आले की ती जागी होते, तिने काढलेले चित्र बऱ्याच यंत्रांत अंगभूत भागामार्फतच पडद्याकडे जाते. तेव्हा ‘हे की ते’ हा प्रश्नच पुरता खरा नाही.

आणि अंगभूत म्हणजे दुबळे या समजुतीचे काय? अ‍ॅपलने २०२१ साली आणलेल्या ‘एम१ मॅक्स’ या चिपमध्ये ग्राफिक्स अंगभूतच आहे, मेमरी सामायिकच आहे आणि तिचा वेग सेकंदाला ४०,००० कोटी बाइट आहे, म्हणजे एमएक्स १५०च्या आठपट. ते यंत्र शाळांच्या आवाक्यातले नाही. पण व्याख्या तपासायला ते पुरेसे आहे. ‘सामायिक मेमरी म्हणून हळू’ हे वाक्य आपल्या टिपणांतून काढावे. ‘मेमरीचा मार्ग अरुंद म्हणून हळू’ असे लिहावे.

स्वतंत्र ग्राफिक्स कोणालाच नको, असे आमचे म्हणणे नाही. त्रिमितीय रचना, चित्रफितींचे मोठे संपादन, यंत्रशिक्षणाचे प्रयोग यांना ते लागते. यंत्रशिक्षणात तर एनव्हिडियाच्या २००७ साली आलेल्या ‘कूडा’ या प्रणालीवर इतके काम उभे आहे की ती चालवणारी चिप असणे सोयीचेच ठरते. पण या कामांना ६ किंवा ८ जीबी आणि भरपूर वॅट लागतात. २ जीबीची चिप तेथे अपुरी पडते. ज्याला खरी गरज आहे त्याला ती पुरत नाही आणि ज्याला पुरते त्याची गरज अंगभूतानेही भागते. पत्रकातील सर्वांत ठळक ओळ नेमकी अशा वस्तूची असावी याला काय म्हणावे! काही विक्रेते आणखी पुढे जातात. विंडोज प्रणाली साधारणपणे निम्मी रॅम ‘सामायिक ग्राफिक्स मेमरी’ म्हणून दाखवते. तोच आकडा वाचून ८ जीबी रॅमच्या यंत्राला ‘४ जीबी ग्राफिक्स’ म्हणणारेही भेटतात.

गेल्या वर्षी आम्ही त्या शाळेत गेलो होतो. मुले जिओजेब्रावर परवलय काढत होती, एका यंत्रावर स्टेलॅरियममध्ये रात्रीचे आकाश फिरत होते. शिक्षकांच्या परवानगीने आम्ही टास्क मॅनेजर उघडून ग्राफिक्सचे आलेख मुलांना दाखवले. आलेख दोन होते. अंगभूत भागाचा आलेख आकाश फिरवताना वर चढे आणि मग खाली येई. स्वतंत्र चिपचा आलेख आठही यंत्रांवर शून्यावर आडवा पडलेला होता. हमीची मुदत संपलेली असल्याने एका यंत्राची मागची बाजू उघडून पाहिली. रॅमची एक पट्टी होती, शेजारची खाच रिकामी. संगणकशिक्षकांनी तेवढ्याच क्षमतेची पट्टी मागवून त्यात बसवली आणि आम्हाला कळवले की आता नाव ‘आयरिस एक्सई’ असे दिसते. आकाशही पूर्वीपेक्षा सहज फिरते, असे नववीच्या मुलांचे म्हणणे आहे. उरलेल्या सात पट्ट्यांचा खर्च शाळेच्या पुढच्या अंदाजपत्रकात धरला आहे.