‘निरागस’ म्हणजे नक्की कोण?

बलाईचंद्र दत्त यांच्या पुस्तकाचं नावच मला खटकतं. ‘म्युटिनी ऑफ द इनोसंट्स’, म्हणजे निरागसांचं बंड. १९४६च्या मुंबईतल्या नाविक बंडावर, त्यात स्वतः असलेल्या माणसाने लिहिलेलं हे पुस्तक १९७१ साली आलं. दत्त कुलाब्याच्या ‘तलवार’ तळावर टेलिग्राफिस्ट होते. भिंतींवर ब्रिटिशविरोधी घोषणा रंगवल्या म्हणून फेब्रुवारीच्या सुरुवातीला त्यांना पकडलं. १८ तारखेला तिथल्या नौसैनिकांनी निकृष्ट जेवण नाकारून काम थांबवलं.

‘तलवार’ हे सिग्नलचं प्रशिक्षण केंद्र होतं. मी सॉफ्टवेअरवाला, म्हणून माझं लक्ष इथेच अडकतं: नेटवर्क चालवणारी पोरंच संपावर गेली! बघता बघता ७८ जहाजं, २० तळ आणि सुमारे २० हजार नौसैनिक त्यात आले. मागण्यांत जेवण-पगार होताच, पण आझाद हिंद सेनेच्या कैद्यांची सुटका होती, इंडोनेशियातून भारतीय फौजा परत बोलवा हेही होतं. मेसमधल्या डाळीवरून इंडोनेशियापर्यंत पोचलेल्या माणसाला निरागस कसं म्हणायचं?

मला वाटतं, हा शब्द त्या पाच दिवसांचा नाहीच, तो नंतरच्या पंचवीस वर्षांचा आहे. सरदार पटेल आणि जिना या दोघांनीही शरण जायला सांगितलं. सूडाची कारवाई होऊ नये म्हणून काँग्रेस प्रयत्न करेल, असा पटेलांचा शब्द होता. २३ फेब्रुवारीच्या सकाळी शरणागती झाली. मग चौकशी आयोग बसला. वाईट जेवण, वर्णभेद, अधिकाऱ्यांची वागणूक, सगळं त्याच्यासमोर आलं. तरीही ४७६ जणांना नौदलातून काढलं. स्वातंत्र्यानंतर ना भारताच्या नौदलाने त्यांना परत घेतलं, ना पाकिस्तानच्या. दत्त पत्रकारितेत गेले. अशा माणसाने आपल्या साथीदारांना ‘निरागस’ म्हटलं, तर ते बचावाच्या वकिलाचं वाक्य आहे. माझ्या मते पुस्तकाची ताकद त्यात आहे, आणि मर्यादाही. निरागस म्हटलं की त्यांची समज हिरावली जाते. आमच्याकडे सर्व्हर पडला की आधी ‘काय झालं’ लिहायचं, ‘कोणी केलं’ नंतर, असा नियम आहे. पाळतो किती, ते सोडा. सैन्य मात्र नेहमी उलट्या क्रमाने चालतं.

ढाक्यात २००९च्या फेब्रुवारीत बांगलादेश रायफल्सच्या जवानांनी बंड केलं. तुलना जपून करायला हवी: तिथे ७४ माणसं मारली गेली, त्यात ५७ लष्करी अधिकारी. तो संप नव्हता, कत्तल होती. पण नंतर ‘निर्दोष कोण’ हा प्रश्न तिथे हजारो जवानांना घाऊक लावला गेला. २०१३ मध्ये एकाच खटल्यात १५२ जणांना फाशीची शिक्षा झाली. कोठडीतल्या मृत्यूंवर आणि छळावर मानवी हक्क संघटनांनी अहवाल काढले. दलाचं नावही बदललं. ज्याने गोळी झाडली तो आणि जो फक्त बराकीत होता तो, यांतला फरक शोधणं हेच न्यायालयाचं काम. शेकड्यांनी आरोपी एकत्र उभे केले की नेमकं तेच अवघड होतं.

दत्तांच्या शब्दाबाहेर अजून एक गर्दी राहते. २२ फेब्रुवारीला नाविकांसाठी मुंबई बंद झाली, गिरण्या थांबल्या, आणि लष्कर-पोलिसांच्या गोळीबारात दोनशेहून जास्त नागरिक गेले. परळमध्ये कमल दोंदे गेल्या. माझं गाव वीर. आज इथे कोकण रेल्वेचं स्टेशन आहे, पण तेव्हा महाड-पोलादपूरचा चाकरमानी बोटीने नाही तर घाटाने मुंबई गाठायचा आणि परळ-लालबागच्या खोल्यांत राहायचा. नौदलातून काढलेल्यांची निदान मोजदाद झाली, पुढे स्वातंत्र्यसैनिक म्हणून मान्यतेची मागणीही करता आली. रस्त्यावर मेलेल्या गिरणी कामगाराला कुठल्याच नोकरीतून काढलेलं नव्हतं, त्यामुळे परत घ्या म्हणायलाही कोणी नव्हतं. दत्त तळाच्या आत होते, पुस्तकाची नजरही आतली. फाटकाबाहेरच्यांचं पुस्तक कुणीतरी मराठीत लिहायला हवं. त्याच्या नावात ‘निरागस’ हा शब्द नसला, तर मी ते पहिल्याच दिवशी विकत घेईन.