पेशंट शांत झाला, पण किती इंजेक्शनांत?

सिनॉप्सिस लिहिताना आपण सगळा जीव ‘प्रायमरी आउटकम’मध्ये ओततो. ते बरोबरच आहे. पण दुसऱ्याचा पेपर वाचतानाही तिथेच थांबलो, तर कामाची गोष्ट सुटू शकते. वेल्लोरची ट्रेक-इंडियाची दुसरी ट्रायल (बीएमजे, २००७) याचं चांगलं उदाहरण आहे.

प्रश्न साधा होता. मानसिक आजारामुळे हिंसक किंवा अतिशय अस्वस्थ झालेला पेशंट इमर्जन्सीत आला, तर ओलॅन्झापिन द्यायचं की हॅलोपेरिडॉल-प्रोमेथाझिनची जोडी? दोन्ही स्नायूत, प्रत्येक गटात १५० पेशंट. १५ मिनिटांनी शांत किंवा झोपलेले किती? ओलॅन्झापिन १३१, जोडी १३६. चार तासांनी १४४ आणि १४५. म्हणजे बरोबरी. घाईतला वाचक इथेच पेपर मिटतो.

आता पुढची ओळ बघा. चार तासांत आणखी औषध द्यावं लागलं असे पेशंट ओलॅन्झापिन गटात ६५, जोडीत ३१. दुपटीहून जास्त! चार तासांनंतरची बरोबरी या जादा औषधांसह आलेली आहे, हे विसरू नका. रात्रपाळीत एक नर्स आणि दोन अटेंडंट असतील, तर पेशंटला पुन्हा धरून पुन्हा सुई टोचणं म्हणजे काय, हे वॉर्डात राहिलेल्याला सांगायला नको.

माझा आक्षेप इथेच आहे. कोणाला कोणतं औषध मिळणार, हे आधी लपवलेलं होतं. पण एकदा दिल्यावर उपचार उघड होते. ॲलोकेशन कन्सीलमेंट आणि ब्लाइंडिंग या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, व्हायव्हात हमखास गोंधळ होतो. ‘आणखी एक डोस देऊ या’ हा निर्णय माणूस घेतो, आणि त्याला औषध माहीत असेल तर त्याचा कल त्यात शिरू शकतो. ३४ पेशंटचा फरक नुसत्या कलाने पडला असेल, असं मला वाटत नाही. पण ब्लाइंडिंग असतं, तर ‘वाटत नाही’ म्हणायची वेळच आली नसती.

दुसरा मुद्दा आपल्या नागपूरचा. मे महिन्यात मेडिकल किंवा मेयोच्या कॅज्युअल्टीत बडबडत, हातपाय झाडत आलेला माणूस उष्माघाताचाही असू शकतो, दारू अचानक सुटलेलाही. प्रोमेथाझिन घाम कमी करतं, म्हणजे उष्माघातात उलटंच काम. दारू सुटल्यावर तर पहिली पसंती बेन्झोडायझेपिनला. ही ट्रायल या पेशंटांसाठी नव्हतीच. हा तिचा दोष नाही. पण तिचा निष्कर्ष त्यांना सरसकट लावला, तर तो आपला दोष.

तेव्हा पेपर हातात घेतलात की तीन प्रश्न विचारा: बरोबरी कशाच्या जोरावर आली? मोजणाऱ्याला काय माहीत होतं? आणि माझा पेशंट त्या टेबलात आहे का?